सॉकेटच्या वरच्या भोकात तार घालायला सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

'स्टॅटिकने पार्ट जळतात ही पट्टे विकणाऱ्यांची उठवलेली आवई आहे' असं सुरू होणारा एक लांबलचक मेसेज गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. स्टॅटिक म्हणजे अंगावर साठणारा चार्ज, आणि पट्टे म्हणजे पीसी जोडताना तो उतरवायला मनगटाला बांधतात ते. आपल्या दमट हवेत स्टॅटिक होतच नाही, झटका बसला नाही म्हणजे काही झालं नाही, आताच्या पार्टमध्ये संरक्षण आतच असतं, रबरी चप्पल घातली की पुरे, आणि तरी भीती वाटत असेल तर मनगटाला तांब्याची तार गुंडाळून दुसरं टोक सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात घाला, असा एकूण मजकूर. म्हणजे स्टॅटिक नसतंच म्हणायचं आणि खाली त्यावर घरगुती उपायही द्यायचा! मी दुर्लक्ष केलं असतं, पण नागपूरहून भाच्याचा फोन आला, पहिला पीसी स्वतः जोडतोय, आणि विचारतो काय तर "मामा, वरचं भोक म्हणजेच अर्थिंग ना? तार सोलून ठेवलीय."

म्हणून आधी तारेचंच बोलू, बाकीच्या मुद्द्यांत फार तर रॅमची काडी जाईल, इथे माणूस जाईल.

दुकानात मिळणाऱ्या पट्ट्यात नुसती तार नसते, एक मेगाओहमचा रेझिस्टर असतो आणि तो तुमच्या जिवासाठी असतो. समजा चुकून २३० व्होल्ट लागले तर एक मेगाओहममधून पाव मिलिअँपिअरसुद्धा करंट जात नाही, कळणारही नाही. नुसत्या तारेत अडवायला फक्त तुमचं शरीर, धरा हजार-दीड हजार ओहम, म्हणजे दीडशे ते सव्वादोनशे मिलिअँपिअर. घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला पडतो तो उगाच नाही, आणि जुन्या घरांत तो असतो कुठे? रेझिस्टरमुळे स्टॅटिक उतरायला वेळ लागतो म्हणावं तर तेही नाही, अंगावरचा चार्ज एक मेगाओहममधून मिलिसेकंदभरात उतरतो.

आणि ते वरचं भोक! पीसीच्या कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्या येतात हा अनुभव आपल्यापैकी किती जणांना आहे? त्याचा अर्थच हा की त्या सॉकेटला अर्थिंग नाही, एसएमपीएसच्या (पीसीच्या पॉवर सप्लायच्या) फिल्टरमधला बारीक लीकेज करंट जायला वाट नाही म्हणून तो पत्र्यावर येऊन बसतो. बऱ्याच जुन्या वायरिंगमध्ये वरची पिन नुसतीच शोभेला असते, काही महाभागांनी ती आतून न्यूट्रलला जोडून ठेवलेली असते, मग मागे कुठे न्यूट्रल तुटला की तीच पिन जिवंत. आणि अर्थिंग अगदी उत्तम असलं तरी एक हात नुसत्या तारेने जमिनीला बांधलाय आणि दुसरा चुकून कुठल्या उघड्या फेजला लागला, तर करंटला सरळ रस्ता तुम्हीच बांधून दिलात.

आता 'झटका बसला नाही म्हणजे काही झालं नाही'. माणसाला स्टॅटिकचा झटका साधारण ३००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. कारखान्यांसाठीचं एएनएसआय/ईएसडी एस२०.२० हे स्टँडर्ड आहे, ते १०० व्होल्टला दगावू शकणारे पार्ट हाताळायचे कसे हे धरून लिहिलंय. १०० आणि ३००० च्या मधलं सगळं तुम्हाला न कळता होतं, ह्या एका गोष्टीवर खरं तर अर्धा फॉरवर्ड झोपतो.

पार्टच्या आतल्या संरक्षणाचं मान्य करतो, अर्धं खरं आहे. चिपच्या पिनांवर संरक्षणाचे डायोड असतात, युट्यूबवर रॅमला मुद्दाम ठिणग्या देऊनही ती जिवंत राहिल्याचे व्हिडिओ आहेत, आणि पट्टा न लावता पीसी जोडणारे दुकानदार तर गल्लोगल्ली आहेत. पण ते संरक्षण किती व्होल्टचं? २००७ च्या सुमारास चिप कंपन्यांनीच मानवी स्पर्शासाठीचं लक्ष्य २००० वरून १००० व्होल्टवर आणायचं सुचवलं, कारण कारखान्यात तेवढं पुरतं, तिथे पट्टे लावतात ना! तुमच्या घरी पॉलिस्टरच्या स्वेटरला कोण पट्टा लावतंय?

दमट हवेचं म्हणाल तर अमेरिकन संरक्षण खात्याच्या हँडबुकमधला जुना तक्ता सगळे वापरतात, त्यात फोमच्या खुर्चीवरून कोरड्या हवेत १८,००० व्होल्ट आणि दमट हवेत १,५०० दिलेत. कमी होतं, शून्य होत नाही. आणि 'आपली हवा' म्हणजे कुठली हो? हा मेसेज लिहिणारा दादरचा असणार, डिसेंबरात नागपुरात अंधारात स्वेटर काढून बघ म्हणावं, तडतड ऐकू येते.

रबरी चप्पल तर उलटंच करते, चार्ज जमिनीत जाऊच देत नाही. तार नसलेले वायरलेस पट्टे शुद्ध फसवणूक आहेत असंही फॉरवर्ड म्हणतो, ते मात्र बरोबर आहे, तार नाही तर चार्ज जाणार कुठे.

भाच्याला सांगितलं ते एवढंच: प्लग काढ, पट्ट्याची क्लिप कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला लाव, पट्टा नसेल तर पार्ट उचलायच्या आधी दर वेळी त्या पत्र्याला हात लाव. तू, कॅबिनेट आणि पार्ट एकाच पातळीवर आलात की झालं, त्यासाठी जमिनीपर्यंत जायची गरजच नाही. मदरबोर्ड बाहेर काढून चालू करून बघायचा असेल तर तो ज्या चंदेरी पिशवीत येतो तिच्यावर ठेवू नकोस, तिच्यात धातूचा थर असतो, मदरबोर्ड ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्यावर ठेव. आणि ती सोललेली तार आईकडे दे, फेकून देईल.