तिकडे बसून बोलायला काय जातं

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चालू आहे. आमचं जुनं कॉलेज म्हणे एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, ट्रान्सजेंडर वगैरे मुलांसाठी सपोर्ट सेल काढतंय. एक काउन्सेलर आणि बसायला एक खोली, बास, एवढंच, आणि त्यावर मेसेजचा नुसता पाऊस. 'पाश्चात्य थेरं', 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही', 'उद्या केटी लागलेल्या नापासांचाही सेल काढा'. मी मध्ये एक ओळ टाकली तर लगेच उत्तर, तिकडे बसून बोलायला काय जातं.

जातं ना. टेक्सासच्या एका सरकारी युनिव्हर्सिटीत मी हेच काम करायचे, या मुलांसाठीचे कार्यक्रम चालवायचे, आणि आता करत नाही कारण १ जानेवारी २०२४ पासून एसबी १७ नावाचा राज्याचा कायदा लागू झाला आणि सरकारी युनिव्हर्सिट्यांमधली असली ऑफिसं त्यानेच बंद झाली. दारावरची पाटी निघाली, सोफा जुन्या सामानाच्या गोदामात गेला, माझ्या पोस्टचं नाव 'स्टुडंट सक्सेस' झालं. तेव्हा ज्यांना ही अमेरिकेची थेरं वाटतात त्यांनी खुशाल पेढे वाटा, इकडचे आमदार तुमच्यासारखंच बोलतात, फक्त इंग्रजीत.

आणि पाश्चात्य कसलं डोंबल? या लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था मुंबईत १९९४ पासून आहे, तेव्हा आपल्या घरी फोनला कुलूप असायचं. पवईच्या आयआयटीत मुलांनी २०११ मध्ये 'साथी' हा स्वतःचा एलजीबीटीक्यू गट काढला. देवनारला टिसच्या, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूटच्या मुलांनी पाठपुरावा करून जेंडर न बघता राहता येईल असं हॉस्टेल मिळवलं. यूजीसीने २०१६ मध्येच रॅगिंगच्या नियमात लैंगिक कल आणि लिंगओळखीवरून होणारा छळ घातला, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल त्यानंतर दोन वर्षांनी आला. मिशिगन युनिव्हर्सिटीत असं ऑफिस १९७१ पासून आहे हे मी इकडच्या लोकांना ऐकवत असते, पण ग्रुपवर मुद्दाम लिहीत नाही, 'बघा, आलं ना अमेरिकेतूनच' म्हणायला टपलेलेच आहेत.

राहिलं 'आमच्या वेळी नव्हतं'. कँटीनबाहेरच्या कट्ट्यावरून एका मुलाला रोज 'ए बायल्या' म्हणून हाक यायची, तो मग लायब्ररीच्या मागच्या गेटने यायला लागला, एसवायनंतर दिसलाच नाही. हाक मारणारा आज ग्रुपचा ॲडमिन आहे.

लोकांना वाटतं हे काम म्हणजे झेंडे आणि मिरवणूक. अहो, नव्वद टक्के कारकुनी असते. हॉस्टेलमध्ये रूममेट बदलून द्या, हजेरी घेताना ट्रान्स मुलांचं सोडून दिलेलं जुनं नाव पुकारू नका म्हणून प्रोफेसरला मेल करा, घरून पैसे बंद झालेल्या पोराकडून इमर्जन्सी ग्रँटचा फॉर्म भरून घ्या. कारणाच्या रकान्यात 'फॅमिली सिच्युएशन' एवढंच लिही, बाकी रामायण नको, हेही सांगावं लागतं. याला पगारी माणूस लागतो. तुमच्याकडे बऱ्याच ठिकाणी मुलंच हे फुकट करतात, परीक्षा सांभाळून, आणि ती पास होऊन गेली की सगळं ढेपाळतं. भांडायचंच तर यावर भांडा की.

माझ्याकडे दार लावून बोलणारे सगळ्यात जास्त आपलेच असायचे. ठाण्याचा एक एमएस करणारा मुलगा, 'ताई, दार लावू का?' म्हणाला आणि पुढचं वाक्य, 'मंडळात कोणाला सांगू नका हं.' मंडळ म्हणजे इकडचं महाराष्ट्र मंडळ. टेक्सासची भीती नव्हती त्याला, गणपतीच्या आरतीला भेटणाऱ्या काका-काकूंची होती. आणि त्याच मंडळात, प्रसादाच्या रांगेत कोणी विचारलं की मी सांगायचे, युनिव्हर्सिटीत ॲडमिनमध्ये आहे. मुलुंडला आई शेजाऱ्यांना 'कॉलेजात नोकरी' यापुढे काही सांगत नाही. इकडच्या सरकारला माझं काम नको, तिकडे ग्रुपला माझं मत नको, आणि मंडळाला मी हवी ती पुरणपोळ्यांच्या ऑर्डरीपुरती.

परवा एकाने लिहिलं, एवढा पुळका आहे तर ये ना परत, चालव तो सेल. आधी चिडले, मग रात्री चक्क दादर-परळचे भाड्याचे रेट बघत बसले. काउन्सेलरची जाहिरातही कोणीतरी टाकलीये ग्रुपवर, अर्धवेळ, मानधन तत्त्वावर. मानधन किती, असं मी विचारलंय. त्यावर मात्र कोणी काही बोलेना.