पुण्यात बसून मायबाप सांभाळायची रीत

मायबाप वऱ्हाडात, आपण पुण्यात. काही घाबरायचं कारण नाही, थोडी शिस्त पाळा.

कमी ऐकू येत असेल तर फोनवर ओरडा. कानाच्या मशीनपेक्षा स्वस्त पडतं.

बापानं कापसाचा भाव सांगायला सुरुवात केली की "आवाज तुटून राहिला बाबा" म्हणा.

मे महिन्यात पारा 45 वर गेला की "दुपारी बाहेर निघू नका" असं बजावा. नळ दुपारीच येतात, ते त्यांचं ते पाहून घेतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बापाच्या आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून ठेवा. त्याला काय कळतं ओटीपीतलं! परवा शेजारच्या काकांना पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी तालुक्याला घेऊन गेलो. जन्मभर डवरणी-निंदणी केलेल्या हाताच्या रेघा त्या, मशीनला कुठून दिसणार? ओल्या फडक्यानं बोटं पुसली, अंगठा झाला, तर्जनी झाली, मशीन आपलं लालच. ऑपरेटर म्हणाला, ओटीपी सांगा. ओटीपी गेला हिंजवडीला, पोराच्या मोबाइलवर. फोन लावला तर कट. पुन्हा लावला तर "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" असा तयार मेसेज. मागची रांग कुरकुरायला लागली, तसे काका स्वतःच बाजूला झाले अन् मलाच समजावू लागले, "कामात असन बिचारा."

रात्री त्या बिचाऱ्याचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं. "बाबा, ओटीपी कोणी मागितला? किती वेळा सांगितलं, अनोळखी माणसाच्या नादी लागू नका!" अनोळखी म्हणजे मी. ज्याच्या मोटरसायकलवर मागे बसून याचा बाप दर महिन्याला बीपीच्या गोळ्या आणायला जातो, तो मी. काका खाली मान घालून "हो बापू, चुकलं" म्हणत होते.

कायद्याची भीती बाळगू नका. 2007 चा कायदा आहे, त्यात उपविभागीय अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते, म्हातारपणी वाऱ्यावर सोडलं तर 3 महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण पोरावर अर्ज करणारा बुढा आमच्या गावात अजून निघायचा आहे. ते पारावर बसून तुमचं पॅकेज सांगण्यात गुंग असतात.

अन् पैसे? ते तू पाठवतोस रे, कोण नाही म्हणतो? पण दुबार पेरणीच्या सालीही तुझी फी चुकू दिली नाही त्या माणसानं. आज त्याच्या हक्काच्या 2,000 च्या हप्त्यासाठी त्याला चारचौघांत "पोरगा फोन उचलत नाही" म्हणावं लागतं, अन् वरून रागावतोस तूच. साहेबाचा फोन दुसऱ्या रिंगला उचलतोस ना? लाज वाटू दे थोडी.

दिवाळीला येशील तेव्हा घरचे फोटो टाकण्याआधी त्यांना आधार केंद्रावर ने. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, माणूस समोर लागतो. अंगठा उमटला नाही तर डोळे घेतात. त्यांच्या साध्या फोनचा नंबर टाक. अन् रांगेत तू उभा राहा, त्यांना सावलीत बसव.