विकतचा गंज

रणगाडा बांधायला फारसा वेळ लागत नाही. तो मळवायला लागतो.

मॉडेल किटच्या नादाला न लागलेल्या सज्जनांसाठी जरा खुलासा करतो. खोक्यातून निघतात त्या प्लॅस्टिकच्या फ्रेमा आणि त्यांना लटकलेले शेकडो बारीक भाग. ते कटरने तोडायचे, तोडल्या जागी उरलेलं टोक कानशीने घासायचं, भाग चिकटवायचा, फट राहिली तर पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. मग सगळ्याला एकसारखा, सुबक रंग द्यायचा. आणि तो नीट वाळला की मुद्दाम बिघडवायला घ्यायचा. कडांवरचा रंग उडालेला दाखवायचा, तेलाचे ओघळ काढायचे, गंज चढवायचा, धूळ बसवायची, चिखल फासायचा. हे सगळं झालं की मॉडेल तयार झालं म्हणायचं.

गंज, धूळ, चिखल यांच्या वेगवेगळ्या बाटल्या मिळतात आणि त्या स्वस्त नसतात. असंच एक पार्सल माझ्या माघारी आलं आणि बायकोने आतली यादी वाचली. संध्याकाळी मी चपला काढतोय तोवर प्रश्न आला, "अहो, साताऱ्यात धूळ विकत आणायची वेळ आली का? पोवई नाक्यावर उभे राहा की अर्धा तास."

ती धूळ निराळी असते, हे मी सांगून पाहिलं. त्यावर तिने शोकेसच्या वरच्या फळीवरून बोट फिरवलं, ते मला दाखवलं आणि आत गेली.

माझा रणगाडा सेंच्युरियन. या छंदातले बहुतेक लोक जर्मन टायगर करतात. खरे टायगर युद्धकाळात जेमतेम साडेतेराशे बनले होते. माझा दाट संशय आहे की आजवर त्याहून जास्त टायगर जगभरातल्या काचेच्या कपाटांत उभे राहिलेत. मला आपला रणगाडा हवा होता. सेंच्युरियन जन्माने इंग्रज, पण 1965 च्या सप्टेंबरात फिलोरा आणि चविंडाच्या भागात कर्नल तारापोरांच्या पूना हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीकडे हाच होता, आणि 16 डिसेंबर 1971 ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढले तेही याच्यातच. दोघांनाही मरणोत्तर परमवीरचक्र. इतकं असूनही माझ्या खोक्यात भारतीय खुणा नव्हत्या. पाण्यात भिजवून सरकवत बसवायची जी चित्रं असतात, ती सगळी परदेशी पलटणींची. आपल्या लष्करी गाड्यांच्या नंबराआधी तो वर तोंड केलेला बाण असतो ना, तो मला तीन केसांच्या ब्रशने हाताने काढावा लागला. श्वास रोखून काढला. नेमका तेव्हाच कुकर शिट्टीला आला, आणि त्या बाणाला अजूनही किंचित बाक आहे.

मॉडेलचं प्रमाण 1:35. हा आकडा कुठल्या शास्त्रज्ञाने ठरवलेला नाही. जपानच्या तामिया कंपनीने 1961 च्या सुमाराला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावतील एवढी त्याची रुंदी धरली. नंतर हिशोब केला तर प्रमाण निघालं 1:35, आणि पुढे निम्म्या जगाने तेच धरलं. तर 51 टनांचा सेंच्युरियन या प्रमाणात तोफेसकट 28 सेंटिमीटर भरतो. वजनाला मात्र पस्तीसने नाही, पस्तीसच्या घनाने, म्हणजे 42,875 ने भागायचं. हिशोबाने तो सव्वा किलोला थोडा कमी भरायला हवा, म्हणजे राजवाड्यावरून पाहुण्यांसाठी नेलेल्या कंदी पेढ्यांच्या पिशवीइतका. माझा प्लॅस्टिकचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पंखा चारवर असला तर जपावं लागतं.

आता चाकं. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक जोडचाक, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून 24 चकत्या. प्रत्येकीची कड घासून गोल करायची आणि कडेच्या रबराला काळपट राखाडी रंग द्यायचा. निव्वळ काळा चालत नाही, तो छोट्या मॉडेलवर खोटा दिसतो. पुढे चाकांवरून फिरणारे पट्टे. एकेक कडी जोडून करायचे, एका बाजूला शंभराच्या आसपास कड्या. हे सगळं तब्येतीत झालं. मग सूचनापत्रिकेच्या शेवटच्या पानावर आले बाजूचे पत्रे. शत्रूच्या माऱ्यापासून आडोसा म्हणून खऱ्या सेंच्युरियनला हे लांबलचक पत्रे बाहेरून लावतात. ते लावले आणि चाकांचा वरचा अर्धा भाग आणि पट्ट्यांची वरची सगळी बाजू झाकली गेली.

"बाबा, मग ते रंगवलं कशाला?" चिरंजीव म्हणाले.

"आत आहे हे आपल्याला माहीत असतं."

"मलापण आता माहीत आहे. पण रंगवलं नसतं तरी मला तसंच वाटलं असतं."

पोरं शाळेत काय शिकतात कोण जाणे.

रंगाचं तर विचारू नका. हॉलला रंग द्यायचा होता तेव्हा मी शेडकार्डावर पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवून मोकळा झालो होतो. इथे ऑलिव्ह ग्रीनच्या पाच छटा ट्यूबलाइटखाली, उन्हात आणि ढगाळ हवेत पाहून झाल्या. ढगाळ हवेची कमतरता नव्हतीच. साताऱ्याचा आषाढ, अजिंक्यतारा आठवडा आठवडा दिसत नाही. अशा हवेत वरचं मॅट व्हार्निश फवारलं की वाळताना ते हवेतला ओलावा धरतं आणि पांढरी झाक येते. माझ्या सेंच्युरियनला तशी आली. थंडीतल्या पंजाबातलं धुकं म्हणून खपवता आली असती, पण फक्त डाव्या बाजूलाच होती. हवा कोरडी होईपर्यंत आणि धूळ बसू नये म्हणून (विकतची बसवायची होती, फुकटची नको) तो एका मोठ्या डब्यात झाकून ठेवला. डबा कुरडयांचा होता. पंचमीच्या आदल्या दिवशी सासूबाई आल्या, कुरडया तळायला म्हणून त्यांनी डबा उघडला आणि तोफ थेट त्यांच्या तोंडावर आली. त्या काही बोलल्या नाहीत. पण जेवताना मला वाढायच्या तेव्हा जरा लांबून वाढत होत्या.

खरी परीक्षा पुढेच होती. आमच्या खालच्या मजल्यावर आण्णा राहतात. मूळचे अपशिंग्याचे. घरटी फौजी देणारं गाव, नावातच मिलिटरी. आण्णा ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती खात्यात, व्हेईकल मेकॅनिक होते आणि उमेदीची वर्षं रणगाड्यांच्या पोटाखाली आडवे पडून काढलेली. त्यांना कुणीतरी बातमी दिली. ते काठी टेकत वर आले, चष्मा कपाळावर चढवला, मॉडेल खिडकीशी नेलं आणि बराच वेळ न्याहाळलं. माझ्या पोटात गोळा.

"हे काय लावलंयस?"

"गंज आहे, आण्णा."

"लावलास?"

"हो. स्पंजच्या तुकड्याने. तीन थर आहेत, खाली गडद, वर..."

"आरं, ह्याच्या एका ठिपक्यापायी सायब लोकांनी आमची पार चामडी लोळवलीय. आणि तू पैसं देऊन लावतुयास?"

मग त्यांनी रीतसर तपासणीच केली. पट्ट्यांवरचा तांबूस गंज साफ नामंजूर. "चालता टँक हाय का बंद पडल्याला? चालता आसंल तर पट्टा जिमिनीला घासून चकाकतू. गंजंल कवा?" मी मुकाट्याने चिमट्याने कापूस धरला. इंजिनाच्या झाकणावरचे तेलाचे ओघळ पाहून मात्र त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, हे बरोबर, उलट कमीच हाय. मागच्या बाजूचे दोन सायलेन्सर मी स्वच्छ ठेवले होते. तिथे त्यांनी नखाने टिचकी मारली. "हितं लाव तुझा गंज. सायलेन्सर तापतू, रंग टिकत न्हाय. हितं गंज आसला तर सायबबी काय म्हणत न्हवता." इतक्या वर्षांत वाचलेल्या कुठल्याही पुस्तकाने मला गंजाच्या जागा इतक्या स्पष्ट सांगितल्या नव्हत्या.

राहिला चिखल. बायकोचा टोमणा मी मनावर घेतला होता. धूळ विकतची, पण माती आपली, असा मध्यममार्ग काढून कासच्या रस्त्यावरून जांभ्याची लालभडक माती आणली होती. चहाच्या जुन्या गाळणीने चाळून, गोंदाच्या पाण्यात कालवून चाकांच्या मध्ये भरली. दिसायला फार देखणी. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"लढाई कुठली म्हणालास?"

"बसंतर. शकरगडचा भाग."

"तिकडं नदीची माती. राखाडी, भुरकट. ही लाल कुठनं आली?"

मी म्हटलं, समजा हा रणगाडा सरावाला यवतेश्वरच्या घाटाने वर गेला असेल. आण्णा हसले नाहीत. त्यांनी काठीचं टोक फरशीवर टेकवलं आणि त्या घाटातल्या वळणांवर 51 टनांचं धूड कसं वळेल, कठडे किती राहतील आणि वाटेत बंद पडलं तर ते ओढून काढायला खालून काय काय आणावं लागेल, हे मला क्रमवार समजावून दिलं. त्या काल्पनिक रणगाड्याच्या सुटकेत त्यांची संध्याकाळची गोळी चुकली आणि काकू वर आल्या. काकूंनी मॉडेलकडे एक नजर टाकली. "आवं, पुसून तरी ठेवायचं," एवढंच त्या मला म्हणाल्या आणि आण्णांना घेऊन गेल्या.

लाल माती टूथब्रशने काढली. भुरकट माती माहुलीला कृष्णेच्या काठी मिळाली. ती वाळवून लावली, सायलेन्सर गंजवले, बाण आहे तसाच ठेवला. आण्णांना पुन्हा बोलावलं. त्यांनी सगळं पाहिलं, मान हलवली, आणि मी आता काच लावणार तेवढ्यात टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, झाकणात बोट घालून विचारलं, "आत च्याची सोय केलीस का?"

मला वाटलं, चहा हवाय. तसं नव्हतं. ब्रिटिशांनी महायुद्धानंतर सेंच्युरियनच्या आत विजेवर पाणी तापवायचं भांडं बसवलं होतं, लढता लढता चहासाठी गड्यांना बाहेर पडायला लागू नये म्हणून. हे मी वाचलं होतं. पण किटमध्ये आतला भागच नाही. आत नुसती पोकळी, आणि झाकण बंद केलं की तीही दिसत नाही.

"दिसणार नाही, आण्णा."

"ती चाकं दिसत्यात व्हय?"

हे त्यांना चिरंजिवांनी सांगितलेलं असणार.

भांडं सात मिलिमीटरचं निघतंय. पेनाच्या रिफिलचा तुकडा कापून अंग केलंय, झाकण दाढीच्या ब्लेडने कापलेल्या पातळ पत्र्याचं. ते कुठल्या बाजूला बसवायचं यावर आण्णांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. टरेट तूर्त चिकटवलेलं नाही.