मख्ख चेहरा आणि वेब्ली

ओक्लाहोमातल्या टुल्सा शहरात वॅनेनमाकर मंडळींचा शस्त्रमेळा वर्षातून दोनदा भरतो, एप्रिलात आणि नोव्हेंबरात. एका छपराखाली सुमारे ११ एकर जागा, ४,००० च्या वर टेबलं. शनिवार-रविवारात सगळा मेळा पाहिला असं जो सांगतो, तो एक तर थापाड्या किंवा त्याला गुडघेच नाहीत. तिथे जुनं ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हर हुडकायचं, तर आधी चेहरा सांभाळावा लागतो.

चांगलं रिव्हॉल्व्हर काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्याखाली असतं आणि त्याची किंमत वाचून आपण दिव्याचंच कौतुक करून पुढे सरकतो. अनपेक्षित माल सापडतो तो मासेमारीच्या रिळांच्या, गंजक्या चाकूंच्या आणि 'काकांचं होतं' असं सांगणाऱ्या पुतण्याच्या टेबलावर. तिथे दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी असते: 'जुनं इंग्लिश, .४५' (.४५ म्हणजे गोळीची जाडी, इंचात). चिठ्ठी वाचून काळजात धस्स झालं तरी चेहरा मख्ख हवा. जवळच्या रिळाची चौकशी आधी करा. रिळाची किंमत फार आहे म्हणून चुकचुका. मग सहज, जाता जाता, 'हे काय आहे हो?'

हात लावण्याआधी विचारायचं, हा पहिला शिष्टाचार. मेळ्यात प्रत्येक हत्याराला प्लास्टिकची पट्टी आवळलेली असते, त्यामुळे बहुतेक वेळा ते नीट उघडतच नाही. पट्टी विक्रेत्याकडूनच कापून घ्यायची, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची आणि सिलिंडरची, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्याची, सगळी घरं रिकामी आहेत हे डोळ्यांनी पाहायचं. रिकामा चाप ओढून 'टिक' करून दाखवणारा गिऱ्हाईक सगळ्यांना डोकेदुखी वाटतो. सिनेमात पाहून मनगटाच्या झटक्यानं उघडमीट करणाऱ्याला तर टेबलापासून चार हात लांबच उभं करावं.

वेब्ली मार्क सहा हे १९१५ साली ब्रिटिश सैन्यानं घेतलेलं रिव्हॉल्व्हर. सहा इंची नळी, चौकोनी मूठ, मुठीखाली दोरीची कडी. वरचा खटका दाबला की नळी पुढे मोडून उघडते आणि मधला तारा सहाही काडतुसं एकदम वर उचलतो. आपल्याकडे याचं दूरचं नातं दिसतं ते सरकारी आयुध कारखान्याच्या .३२ रिव्हॉल्व्हरात. ते वेब्लीच्याच धाटणीचं, पण लहान बोअरचं. मार्क सहा खातं .४५५ ची काडतुसं, आणि खरं दुखणं तिथूनच सुरू होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत ढिगानं आली. .४५५ ची काडतुसं तिथे मिळायला कठीण, उलट .४५ एसीपी ही अमेरिकी पिस्तुलाची काडतुसं वाण्याकडे मिळावीत तशी. तेव्हा कुणा हुशाराच्या डोक्यात आलं, सिलिंडरची मागची बाजू लेथवर थोडी छाटून टाकू. एसीपीला बुडाशी बाहेर आलेली कड नसते, म्हणून ती अर्धचंद्र नावाच्या पोलादी पट्टीत तीन-तीन अडकवून भरायची. सोय झाली, पण अस्सलपणा गेला, आणि एसीपीचा दाब (अमेरिकी प्रमाणानुसार कमाल २१,००० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला तितके पौंड) या बिचाऱ्याच्या ताकदीबाहेरचा. छाटलेल्या वेब्लीला कारखान्याची जोरकस एसीपी घालणं म्हणजे आजोबांना कबड्डीत उतरवणं.

म्हणून ती चिठ्ठी नीट वाचावी. '.४५' हे विक्रेत्याचं अज्ञान असेल तर लॉटरी. छाटणीची कबुली असेल तर पुढे चला. हत्यार मिटवून सिलिंडर आणि त्यामागची चौकटीची पाठ यांमधली फट बघा. छाटलेल्यात ती डोळ्याला टोचण्याइतकी मोठी असते. नक्की करायचं तर नकली, बिनदारूचं एसीपी काडतूस अर्धचंद्र पट्टीसकट घालून पाहा. न छाटलेलं वेब्ली त्यावर मिटतच नाही. खरी काडतुसं खिशात घेऊन हा प्रयोग करू गेलात तर मेळ्याचा रखवालदार तुमच्यावर वेगळा प्रयोग करेल.

फट ठीक निघाली की बाकीचं पाहायचं. चौकटीवरचा आणि सिलिंडरवरचा क्रमांक जुळला पाहिजे. बंद असताना नळी हातानं हलते का पाहा. हलत असेल तर खटका झिजलाय. घोडा (मागचा हातोडा) सावकाश मागे ओढा: तो पूर्ण चढेस्तोवर सिलिंडर जागी पक्का बसला पाहिजे, नाहीतर गोळी नळीच्या कडेला खरवडत निघेल. अक्षरांच्या कडा लोण्यासारख्या मऊ आणि स्क्रूची भोकं वाटीसारखी खोलगट असतील, तर कुणी तरी घासून नवा निळा मुलामा चढवलाय. अशा 'नव्यासारख्या' मालापेक्षा मला जुना, करडा, प्रामाणिक गंज बरा वाटतो. आयात करणाऱ्याचा ठसाही शोधा. १९६८ च्या अमेरिकी शस्त्र कायद्यानंतर आलेल्यांवर तो ठोकावा लागतो, आणि संग्राहक तो ठसा पाहून नाकं मुरडतात.

भाव रविवारी दुपारी ठरतो, पेट्या भरायला लागल्यावर. रोख रक्कम दाखवायची, पण मोजायची नाही.

पुढे कागद. परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना ४४७३ हा केंद्र सरकारचा फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणी. सगळ्यात गंमत टेक्सासातल्या डॅलसहून आलेल्या मराठी मंडळींची. एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला बंदूक घेता येते ती शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद असला तरच. म्हणजे आयुष्यात डास सोडून काही न मारलेला संगणक अभियंता हरणाचा परवाना काढायला रांगेत उभा! ग्रीनकार्ड असलं तरी टेक्साससारख्या दुसऱ्या राज्यातल्या माणसाला ओक्लाहोमात पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हातात मिळत नाही. ते त्याच्या गावच्या विक्रेत्याकडे पाठवावं लागतं, तिथे पुन्हा तोच फॉर्म, वर त्याची फी. यावर उतारा एक: पन्नास वर्षांहून जुन्या मालासाठीचा संग्राहक परवाना. तीन वर्षांना ३० डॉलर, शिवाय प्रत्येक खरेदीची नोंद वहीत. मार्क सहा त्यात बसतं. आणि १८९८ किंवा त्याआधी बनलेलं काही सापडलं तर केंद्रीय कायद्याला त्याच्याशी कर्तव्यच नाही.

सगळं आटोपून वेब्ली पिशवीत आलं की आधी तेलाचा फडका मारा, कारण तोवर निम्म्या मेळ्याचे घामट हात त्यावरून फिरलेले असतात. आणि घरी कुणी विचारलंच, तर रिळाची किंमत सांगा.