ऑइल फिल्टर कापून काय कळते : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका मुद्द्यासाठी मला माझाच लेख पुन्हा तपासावा लागला. ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो : माझ्या पेट्रोल हॅचबॅकला बसणारे तीन ऑइल फिल्टर पुण्याच्या नाना पेठेतून आणून मी कापले होते आणि आतला माल पाहून कोणता घ्यावा हे सुचवले होते. त्यावर आपले म्हणणे असे, की आतल्या गाळण-कागदाच्या चुण्या (घड्या) मोजणे म्हणजे परीक्षण नव्हे. सगळे फिल्टर शेवटी दोन-चार कारखान्यांतूनच निघतात, बदलतो तो फक्त रंग आणि खोका. आणि दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलणाऱ्याला साठ रुपयांचा फिल्टरही पुरतो, तेव्हा लोकांना उगाच खर्चात पाडू नये.

पहिला आक्षेप मला मान्य आहे. ‘चुण्या जास्त तो फिल्टर चांगला’ हे वाक्य मी लिहायला नको होते. खरे महत्त्व कागदाच्या एकूण क्षेत्रफळाला आणि दोन चुण्यांमध्ये राहिलेल्या मोकळ्या जागेला असते. दाटीवाटीने कोंबलेल्या चुण्या एकमेकींना चिकटल्या, तर मधल्या कागदापर्यंत ऑइल नीट पोहोचतच नाही. माझी दुसरी चूक आपल्या नजरेतून सुटली आहे, ती मीच सांगतो. मी डबे हॅक्सॉने कापले. त्याने पत्र्याचा कीस आत पडतो, आणि उद्या कोणी माझे पाहून वापरलेला फिल्टर तसाच कापला, तर कागदावर चमकणारे कण बेअरिंगचे आहेत की करवतीने पाडलेले, हे त्याला सांगता येणार नाही.

कागद किती बारीक गाळतो हेही डोळ्यांना दिसत नाही. खोक्यावर ‘२० मायक्रॉन’ असे छापलेले असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. परंतु त्या आकाराचे किती टक्के कण अडतात हे सांगितलेले नसेल, तर तो आकडा पोकळ आहे, कारण निम्मे कण अडवणारा फिल्टरही त्याच आकड्यावर विकता येतो आणि ९९ टक्के अडवणाराही. आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचणीत धूळ मिसळलेले ऑइल फिल्टरमधून पुन्हापुन्हा फिरवून, आत शिरताना आणि बाहेर पडताना त्यातले कण मोजतात. शिरताना ७५ आणि बाहेर पडताना १, असे प्रमाण आले की कार्यक्षमता ९८.७ टक्के धरतात. माझ्या गॅलरीतल्या टेबलावर हे होणे नाही, हे कबूल.

तरीही कापणे मी निरुपयोगी मानत नाही, कारण फिल्टर म्हणजे नुसता कागद नव्हे. तोंडाशी रबराची एक पातळ चकती असते, जी इंजिन बंद झाल्यावर डब्यातले ऑइल मागे वाहून जाऊ देत नाही. माझ्या गाडीत फिल्टर आडवा बसतो, त्यामुळे ही चकती निकामी असेल तर रात्रीतून डबा रिकामा होतो. दोन हिवाळ्यांपूर्वी असाच एक स्वस्त फिल्टर लावला असताना रोज सकाळी ऑइलचा दिवा नेहमीपेक्षा क्षणभर जास्त वेळ जळत राही आणि इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड ऐकू येई. फिल्टर बदलला आणि आवाज थांबला. जुना कापून पाहिला तर चकती बोटाने दुमडत नव्हती. वाळलेल्या चपातीसारखी कडक झाली होती आणि एका कडेला ती पत्र्यावर टेकलेलीच नव्हती. नायट्राइल रबर उष्णतेने कालांतराने कडक होते, सिलिकॉन जास्त टिकते. मात्र केशरी रंग दिसला म्हणजे सिलिकॉनच, असे समजू नये.

दुसरा भाग बायपास व्हॉल्व्हचा. थंडीत ऑइल घट्ट असते किंवा कागद चोंदलेला असतो, तेव्हा हा व्हॉल्व्ह उघडून न गाळलेले ऑइल पुढे जाऊ देतो, कारण इंजिनाला कोरडे राहण्यापेक्षा मळके ऑइल परवडते. त्याची स्प्रिंग ढिली असेल तर गाळणे नावापुरतेच उरते, आणि फाजील ताठ असेल तर कागद फाटू शकतो. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या मुख्य ओतीव भागातच (ब्लॉकमध्ये) असतो, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये तो नसतो. असा फिल्टर दुसऱ्या गाडीला आट्यांवर छान बसेल, पण चालणार नाही. आट्यांचेही तसेच आहे : २० मिलिमीटर व्यासाचे, एकमेकांपासून दीड मिलिमीटरवर असलेले आटे आणि पाऊण इंचाचे इंचाला १६ आटे हे इतके जवळचे, की पहिल्या मापाचा फिल्टर इंजिनावरच्या दुसऱ्या मापाच्या दांड्यावर ढिला का होईना, चढतो, आणि दाब आला की निसटू शकतो. म्हणून ‘बसतो की साहेब’ हे दुकानदाराचे वाक्य मी पुरावा म्हणून घेत नाही. पार्ट नंबर जुळवून घेतो.

एकाच कारखान्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष घाईचा आहे. गाडीच्या कंपन्या बहुधा स्वतः फिल्टर बनवत नाहीत, ते फिल्टर उत्पादकांकडूनच घेतात. मात्र एकाच छताखाली दोन ग्राहकांसाठी दोन वेगळ्या आराखड्यांप्रमाणे, वेगळा कागद आणि वेगळे रबर वापरून माल निघतो. याच कारणाने कंपनीच्या खोक्यातलाच फिल्टर घ्या, असेही मी लिहिलेले नाही. नामांकित उत्पादकाचा, त्याच गाडीसाठी दिलेल्या क्रमांकाचा फिल्टर मला तितकाच चालतो.

राहिला ५,००० किलोमीटरचा प्रश्न. वेळेवर बदललेला साधा कागदी फिल्टर हा मुदत उलटून गेलेल्या भारी सिंथेटिक फिल्टरपेक्षा बरा, याबाबत आपल्याशी माझा वाद नाही. फिल्टर कण अडवतो. ऑइलमध्ये मिसळलेले पेट्रोल, आम्ल आणि बाष्प अडवत नाही, तेव्हा महागडा फिल्टर लावून ऑइलची मुदत वाढवणे चूकच. पण साठ रुपयांच्या अनोळखी फिल्टरची चकती पहिल्याच महिन्यात दगा देऊ शकते, तेव्हा पाच हजारांचा हिशेब कामी येत नाही. त्यात नकली मालाची भर आहे : अंधुक छपाई, अक्षरांच्या फुटक्या कडा, न उघडणारा क्यूआर कोड. मी रिकामा खोका फाडूनच टाकतो, नाहीतर तो भंगारातून पुन्हा भरला जायचा.

मूळ लेखातले चुण्यांचे वाक्य आज खोडले आहे आणि छायाचित्रांखाली हॅक्सॉची टीप टाकली आहे. आपण वापरत असलेल्या फिल्टरचा पार्ट नंबर आणि गाडीचे मॉडेल कळवलेत, तर पुढच्या वेळी तो विकत आणून कटरने कापतो आणि चकतीचे छायाचित्र येथेच लावतो.