खुलासा: व्हायोलिनच्या खुंटीला खोबरेल तेल नको

‘पावसाळ्यात व्हायोलिनची खुंटी अडकली तर खोबरेल तेलाचा थेंब सोडा’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तसं करू नका. तार जिच्यावर गुंडाळलेली असते ती निमुळती खुंटी भोकात नुसत्या घर्षणावर टिकते. तेल लाकडात मुरलं की ती घसरत राहते, तार सुरात थांबत नाही. आणि मुरलेलं तेल निघता निघत नाही.

दमट हवेत लाकूड फुगतं, म्हणून खुंटी अडकते. तार सैल करून खुंटी बाहेर काढा. तिच्यावर दोन चकचकीत पट्टे दिसतील, तिथेच कोरडा साबण हलका घासा. घसरायला लागली तर वर थोडा खडू. एका वेळी एकच खुंटी! सगळ्या तारा सैल केल्या तर घोडी (तारांखालची उभी लाकडी पट्टी) पडते, कधी आतला साउंडपोस्टही (व्हायोलिनच्या पोटातली छोटी लाकडी दांडी), आणि तो बसवणं कारागिराचंच काम.

तेलाचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तिथे हा टाका.