पाचशे मीटर बाक आणि माझी जागा

गेल्या रविवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास उत्तर जर्मनीतील रेंड्सबुर्ग या गावी मला एका बाकावरून उठवण्यात आले. यात लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. पुण्यातल्या बागेत मला यापूर्वीही बाकावरून उठवलेले आहे. पण ते बाक चार माणसांचे होते आणि त्यावर पाचवा येऊ पाहत होता. रेंड्सबुर्गचे बाक पाचशे मीटरांहून अधिक लांब आहे, जगातील सर्वांत लांब बाक म्हणून त्याची एके काळी नोंद झालेली आहे, आणि त्या सकाळी त्या अख्ख्या बाकावर माझ्याखेरीज कोणीही बसलेले नव्हते.

मुलगा हाम्बुर्गला नोकरीला आहे, आम्ही उभयता तीन महिन्यांसाठी नातवाकडे आलो आहोत, आणि चाळीस वर्षांपूर्वी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात शिकलेले जर्मन अजून शिल्लक आहे, असा माझा समज होता. पत्नीने येण्यास नकार दिला. मी प्रेक्षणीय स्थळी गेलो की इतिहास सांगतो, हे तिचे कारण होते, आणि ते खरे आहे.

पण रेंड्सबुर्गचा इतिहास न सांगता माणूस करणार तरी काय? हाम्बुर्गहून येणारी गाडी नॉयम्युन्स्टर सोडल्यावर हळूहळू चढू लागते आणि पाहता पाहता एका अवाढव्य पोलादी पुलावर येते. हा पूल 1911 ते 1913 या काळात फ्रीडरिश फोस या अभियंत्याने उभारला. उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र यांना जोडणारा 98 किलोमीटरांचा कालवा खाली असतो, आणि उंच जहाजांना आडकाठी होऊ नये म्हणून पूल पाण्यापासून 42 मीटर उंच ठेवलेला आहे. पंचाईत अशी की रेल्वेचे स्थानक कालव्याजवळच, आणि तेही जमिनीवर आहे. इतक्या उंचावर गेलेली गाडी तेवढ्यात खाली कशी उतरणार? म्हणून रूळ एक मोठे गोल वळण घेत घेत उतरतात, आणि त्या वळणाच्या पोटात लोकांची घरे आहेत. पुलाची पोलादी लांबी जवळजवळ अडीच किलोमीटर भरते. आपण गाडीत बसून, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी, परक्या माणसांच्या कौलांना आणि वाळत घातलेल्या चादरींना प्रदक्षिणा घालतो आणि मग फलाटावर उतरतो. घाटात वाढलेल्या माणसालाही ही युक्ती मानावी लागेल.

या पुलाच्या पोटाखाली पोलादी दोरांनी टांगलेला एक पाळणा आहे. त्यात माणसे, सायकली आणि चार मोटारी चढतात, आणि पाण्याच्या थोडे वर लोंबकळत पाळणा पैलतीराला जातो. 2016च्या जानेवारीत एका मालवाहू जहाजाने त्याला धडक दिली, तो निकामी झाला, आणि नवा पाळणा लोकांच्या सेवेत यायला 2022 उजाडले. सहा वर्षे हा आकडा वाचून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखे वाटले. या पाळण्याला, तसेच कालव्यावरच्या सगळ्या होड्यांना, भाडे नाही. सम्राटाच्या सरकारने कालवा खणताना लोकांचे रस्ते तोडले, तेव्हा पलीकडे जाण्याचा खर्च सरकारचा, असा तो जुना हिशेब आहे. कालवा ओलांडणे फुकट आणि स्वच्छतागृहाचा उंबरठा ओलांडण्यास मात्र नाणे हवे, तेही नेमके माझ्या खिशात नसलेले. परंतु ते दुःख वेगळे आहे.

मूळ दुःख बाकाचे. कालव्याच्या तळाखालून पादचाऱ्यांसाठी 1965 साली खणलेला एक बोगदा आहे, त्यात सुमारे 56 मीटर लांबीचे सरकते जिने आहेत. ते उतरून आणि चढून झाल्यावर मी बाकावर टेकलो. डावीकडे कोणी नव्हते. उजवीकडे कोणी नव्हते. मी पिशवीतून डबा काढला. पत्नीने दिलेल्या थालीपिठाचा पहिला घास तोंडाजवळ नेतो न नेतो तोच समोर एक वृद्ध गृहस्थ येऊन उभे राहिले. डोक्यावर निळी टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात थर्मास आणि काखेत वही.

"मॉइन," ते म्हणाले.

हा या प्रांतातला नमस्कार आहे. सकाळी, दुपारी, रात्री, लग्नात आणि मर्तिकाला तो एकच शब्द चालतो, आणि जो तो दोनदा उच्चारतो तो बडबड्या समजला जातो. मीही एकदाच "मॉइन" म्हणालो.

"आपण बसला आहात," ते म्हणाले.

ही गोष्ट नाकारण्यासारखी नव्हती.

"इथे," ते म्हणाले, आणि बराच वेळ थांबले. "ही माझी जागा आहे."

उत्तरेकडचे लोक विनोद करताना चेहरा हलवत नाहीत, असे मुलाने सांगितले होते, म्हणून मी मनमोकळा हसलो. त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांचा चेहरा हलत नाही याचे कारण विनोद नाही, हे माझ्या ध्यानात आले. मी आठवून आठवून, संकेतार्थाची सारी क्रियापदे जागच्या जागी बसवून, एक आदर्श वाक्य तयार केले: या बाकाची लांबी विचारात घेता, आपण जर कृपा करून थोडे पलीकडे बसू शकला असता, तर आपली गैरसोय झाली असती काय?

"हो," ते म्हणाले.

आता, जागा धरणे हा प्रकार मला कळत नाही असे नाही. मी एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या पिढीचा माणूस आहे. रुमाल पडला की जागा गेली, त्यावर वाद नाही. या गृहस्थांनी रुमाल टाकला असता, टोपी ठेवली असती, निदान एखादा दगड तरी ठेवला असता, तर मी आपण होऊन उठलो असतो. परंतु येथे काहीही नव्हते. शेजारच्या फळ्यांसारख्याच फळ्या होत्या. मी त्यांना विचारले की ही जागा आपलीच, हे आपण ओळखता कसे? ते म्हणाले, येथून जहाजाच्या नाळेवरचे नाव आणि मागच्या बाजूला लिहिलेले बंदर, दोन्ही वाचता येते. जहाज तर अख्ख्या बाकासमोरूनच जाते, तेव्हा ते कोठूनही वाचता येईल, असे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू विठ्ठल कोठेही असतो तर पंढरपूरला कशाला जायचे, असे मी वारकऱ्याला विचारले होते.

मी उठलो. उठावे लागले याचा राग आजही आहे, पण उठलो, आणि दोन हात सरकून डबा पुन्हा उघडला.

"तिथे नको," ते म्हणाले. "तिथे माझी पत्नी बसते."

त्यांचा स्वर एवढा गंभीर होता की माझा राग क्षणात विरघळला. मी डबा मिटला, मान खाली घातली आणि म्हणालो, "ऐकून फार वाईट वाटले. कधी गेल्या?"

"कोण कुठे गेली? ती घरी बटाटे सोलते आहे. तिला जहाजे आवडत नाहीत."

"मग त्या येणार आहेत का?"

"अकरा वर्षांत एकदाही आलेली नाही."

"आणि तरीही जागा..."

"जागा तिची आहे," ते म्हणाले, आणि न येणे व हक्क सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी मला लहान मुलाला समजवावे तसे समजावले. मी चौतीस वर्षे बँकेत काढली आहेत. वर्षानुवर्षे व्यवहार नसलेली खाती आणि मालक न फिरकलेले लॉकर मी सांभाळले आहेत, आणि अशा खातेदाराशी वाद घालून काही निष्पन्न होत नाही, याचा मला अनुभव आहे. मी आणखी दोन हात सरकलो. ती जागा कुत्र्याची निघाली. कुत्रा कोठे आहे, असे विचारण्याची खरे तर गरज नव्हती. कुत्रा पत्नीजवळ थांबला होता.

या गावाला सीमा आखण्याची सवय जुनी आहे. येथून आयडर नदी वाहते. तिच्या दक्षिणेला होल्श्टाइन, ते पवित्र रोमन साम्राज्यातले. उत्तरेला श्लेसविग, ते डेन्मार्कच्या राजाचे मांडलिक. आणि गंमत म्हणजे शतकानुशतके दोन्हींचा ड्यूक तो डेन्मार्कचा राजाच. म्हणजे एकाच माणसाच्या दोन खोल्या, आणि मधल्या उंबरठ्यावर किल्ला. गावाच्या वेशीवर लॅटिनमध्ये कोरले होते, 'आयडोरा रोमानी टर्मिनस इम्पेरी', म्हणजे आयडर ही रोमन साम्राज्याची सीमा. ती शिळा आता कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. टर्मिनस हा शब्द आपल्याकडे गाडी धरण्याच्या धावपळीपुरता उरला आहे. येथे त्याच्यासाठी माणसे मेली. 24 मार्च 1848 रोजी डेन्मार्कविरुद्ध बंड करणाऱ्यांनी हा किल्ला घेतला, तो घोड्यावरून नव्हे, तर कीलहून चक्क आगगाडीने येऊन. त्याच्या कितीतरी आधी डेन्मार्कच्याच राजाने 1784 साली या नदीच्या आधाराने दोन समुद्र जोडणारा पहिला कालवा पुरा करून घेतला होता. पुढे 1864च्या युद्धानंतर प्रदेश डेन्मार्कच्या हातून गेला. मग 1887 ते 1895 या काळात सम्राट व्हिल्हेल्मच्या जर्मनीने आजचा मोठा कालवा खणला, आणि त्यानंतर अवघ्या बारा वर्षांत युद्धनौका मावेनाशा झाल्या म्हणून तो रुंद करायला घेतला. आरमार गेले, सम्राट गेला, 1948 साली कालव्याला असलेले त्याचे नावही गेले. बाकावरचा हक्क तेवढा राहिला.

मी चौथ्या जागेवर बसून थालीपीठ खात होतो आणि मनात एक कडू विचार आला, तो लपवत नाही. माझ्या जागी एखादा लालबुंद स्थानिक माणूस असता, तर त्याला या गृहस्थांनी उठवले असते काय? या विचाराने माझ्या चिडण्याला एकदम वजन आले. मी केवळ जागा गेलेला म्हातारा न राहता अन्याय झालेला माणूस झालो, आणि मुलाला फोनवर सांगायची वाक्येही जुळवू लागलो. इतक्यात सायकलवरून एक जोडपे आले. सोनेरी केस, निळे डोळे, खांद्यावर स्थानिक क्लबचे बिल्ले. ते नेमके पत्नीच्या जागेवर बसले. गृहस्थांनी वही मिटली, "मॉइन" म्हटले आणि एका मिनिटात दोघांना उठवले. ते तक्रार न करता थेट कुत्र्याच्या पलीकडे, म्हणजे माझ्या मांडीला मांडी लावून बसले. माझ्याकडे संतापाचे एकच भारदस्त कारण होते, तेही गेले.

मग एक जहाज आले. मागे बंदराचे नाव सेंट जॉन्स, म्हणजे जहाज अँटिग्वा आणि बार्बुडाचे. सकाळी पुलाजवळच्या उपाहारगृहाशी मी असेच जहाज पाहिले होते. तेथे जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला त्याच्या देशाचे राष्ट्रगीत ध्वनिवर्धकावर वाजवून आणि झेंडा लववून सलामी देतात. आपले 'जन गण मन' वाजेल म्हणून मी तेथे दीड तास उभा होतो आणि अँटिग्वाच्या राष्ट्रगीताला दोनदा सावधान राहिलो होतो. हे सांगताच गृहस्थ प्रथमच माझ्याकडे वळले. "अँटिग्वा नुसता कागदावर," ते म्हणाले. "मालक जर्मन असतात. झेंडा स्वस्त पडतो." मी म्हणालो, माझे रत्नागिरीचे मामा जन्मभर पनामाच्या झेंड्याखाली बोटीवर होते आणि त्यांनी पनामा कधीही पाहिला नाही. त्यांनी हे वहीत लिहून घेतले. का, ते विचारण्याची माझी छाती झाली नाही.

"आपली पत्नी?" त्यांनी विचारले.

"घरी आहे. तिला इतिहास आवडत नाही."

त्यांनी मान डोलावली, उठून त्या सायकलवाल्या जोडप्याकडे गेले आणि त्यांना आणखी दोन हात सरकवून माझ्या शेजारी एक जागा मोकळी करून दिली. नंतर अर्धा तास आम्ही दोघे दोन अनुपस्थित बायका आणि एक अनुपस्थित कुत्रा मध्ये ठेवून, ओरडून ओरडून बोलत बसलो. बरोबर साडेबाराला त्यांनी थर्मास बंद केला, कारण बटाटे साडेबाराला तयार होतात, आणि एकदा "मॉइन" म्हणून निघून गेले.

ते वळणाआड जाताच मी उठून त्यांच्या जागेवर बसलो. जहाजाचे नाव तेथूनही तेवढेच दिसत होते, काडीचाही फरक नव्हता. आणि तरीही पाच मिनिटांत दोन वेळा मागे वळून पाहिले, तेव्हा उठलोच.

सोमवारी पत्नीने धुण्याचे कपडे मोजले. "रुमाल पाचच कसे? सहा आणले होते," ती म्हणाली.

मी म्हणालो, "एक टाकून आलो आहे. रेंड्सबुर्गला. तुझी जागा धरली आहे."

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"त्याला तेथे हरकत नसते," मी म्हणालो.